उमराव कधीच कचरला नसता

४ फेब्रुवारी

रोजनिशी लिहायला घेतली. उगाच नाही. यंदा दोन मोठ्या गोष्टी एकदम आल्यात आणि दोन्हींची नोंद हवी.

एक: पिक्चर येतोय. आमच्या लाडक्या कादंबरीवर! पाच जाडजूड भाग, सगळे मला पाठ. ट्रेलर काल आला. आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत पाहिला, सुट्टी संपल्यावर परत पाहिला. मालक ओरडले. ओरडू देत.

दोन: मी बायकोला किडनी देणार आहे.

काल ठरलं. दोन वर्षं तिचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. सासूबाईंना मधुमेह, त्या बाद. मेव्हण्याचा रक्तगट जुळत नाही, तोही बाद. राहिलो मी. डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आतच मी म्हणालो, माझी घ्या. ते म्हणाले, घाई नको, घरी जाऊन विचार करा. मी म्हणालो, त्यात विचार कसला करायचा? बायको खिडकीबाहेर बघत होती. भरून आलं असणार.

बसमध्ये तिने विचारलं, खरंच देशील? मग मी तिला एकोणिसावं प्रकरण पुन्हा सांगितलं. उमराव म्हणजे आमचा नायक. व्हॅम्पायर, वय वर्षं तीनशे, काळा कोट, हात बर्फासारखे आणि मन लोण्यासारखं. त्याचं प्रेम एका ग्रंथपालबाईवर. ती शेवटच्या घटका मोजत असते. उमराव स्वतःची नस कापून सगळं रक्त तिला देतो. आपली राख होणार हे माहीत असून. तीस पानं आहेत. क्षणभरही कचरत नाही. माझाही पिंड तोच आहे, असं मी तिला म्हणालो.

ती म्हणाली, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नसतं.

ती बस डेपोत वेळापत्रकं बनवते. रोमान्सच्या बाबतीत जरा कोरडीच.

संकल्प: या महिन्यात सगळ्या टेस्ट. मार्चमध्ये ऑपरेशन. १२ एप्रिलला पिक्चर, पहिला शो, दोघं टाके घेऊन शेजारी शेजारी. बस्स.

७ फेब्रुवारी, दुपारी

पहिली टेस्ट. रक्त काढायचं होतं. हॉस्पिटलातल्या खुर्च्या इतक्या गुळगुळीत का ठेवतात कळत नाही. घसरलो. नर्सचं म्हणणं, मी सुई बघितली आणि डोळे पांढरे केले. तिने अजून सुई बाहेरही काढली नव्हती, नुसतं पाकीट फोडलं होतं, असंही ती सगळ्यांना सांगत होती. माणसाची काही प्रायव्हसी असते की नाही?

खरं कारण: पोटात काही नव्हतं. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, सकाळी तीन अंडी खाल्लीस.

पुन्हा जायचंय.

११ फेब्रुवारी

आमच्या निशाचर मंडळाची, म्हणजे कादंबरीच्या चाहत्यांची, मीटिंग. दर रविवारी, संध्याकाळी पाच ते सात, कारण बहुतेकांना लवकर झोपायची सवय आहे. अध्यक्षा आहेत भूगोलाच्या रिटायर्ड बाई. किडनीचं मी सहज बोलता बोलता सांगून टाकलं. मग टाळ्या! अध्यक्षाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, आपण नुसती पुस्तकं वाचली, हा माणूस ती जगतोय. मला फार संकोच वाटला. मंडळाच्या ग्रुपवर माझं नाव बदलून ‘आमचा उमराव’ केलं आहे.

ठराव: पहिल्या शोला सगळ्यांनी सुळे लावून यायचं. बाजारातले प्लॅस्टिकचे नकोत, अस्सल हवेत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिक आहे. कवळ्या, कॅपा, ब्रिज, शहरातल्या निम्म्या तोंडांत माझं काम बसलंय. मी म्हणालो, सगळ्यांचे सुळे माझ्याकडून.

टेस्ट: या आठवड्यात जमणार नाही. मापं घ्यायचीत.

१९ फेब्रुवारी

उमरावाचं काम कोण करतोय ते जाहीर झालं. मी हतबुद्ध. जिममध्ये फुगवलेले दंड, चेहऱ्यावर ऊन खाल्लेलं तेज. अरे, तीनशे वर्षं तळघरात राहिलेला माणूस आहे तो! निर्मात्यांना सविस्तर मेल पाठवला. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. म्हणजे वाचलाच नाही.

हॉस्पिटलातून पण फोन. कधी येताय? म्हटलं, सुळ्यांची ऑर्डर हातातून गेली की लगेच. बाई म्हणाल्या, कसली ऑर्डर? मी फोन ठेवला. प्रत्येकाला काय समजावत बसायचं.

२७ फेब्रुवारी

रक्त दिलं! पडून, डोळे मिटून, सासूबाईंचा हात धरून. त्यांच्या बोटांवर माझ्या नखांचे वळ उठले, पण त्यांनी हात सोडवला नाही. बायको वरच्या मजल्यावर डायलिसिसला होती, नाहीतर तिचाच हात धरला असता.

१ मार्च

मॅच झालं. डॉक्टर खूश. म्हणाले, नवराबायकोचं इतकं चांगलं जुळणं म्हणजे नशीबच.

सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. तुम्ही जावई नाही, मुलगाच आहात म्हणाल्या. आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. माझ्या पोटात गोळा आला. अ‍ॅसिडिटी. दुपारी लॅबमध्ये चहा जास्त झाला होता.

५ मार्च

नेहमीप्रमाणे बायकोला डायलिसिसला सोडलं. मी बाहेरच्या बाकावर बसतो. आत एसी फार आहे, मला सर्दी होते. शिवाय बाहेर मोबाइलला रेंज चांगली. आज पोस्टरमधल्या सात चुका शोधून ग्रुपवर टाकल्या.

चार तासांनी ती बाहेर आली तेव्हा तोंड राखेसारखं झालं होतं. हातावर, सुया टोचतात तिथे, कातडीखाली नस थरथरत असते. मांजर घुरघुरल्यासारखी, असं ती म्हणते. बसमध्ये म्हणाली, आज घुरघुर कमी झालीये, हात लावून बघ. माझ्या हाताला प्लास्टरची पावडर होती. म्हणून नाही लावला.

डॉक्टर म्हणतात तिची ती नस बारीक होत चालली आहे. दुसऱ्या हाताची आधीच गेली. यंदा किडनी बसली तर बरं, पुढे सुया टोचायला जागा शोधायला लागतील. मी तिला म्हणालो, मी आहे ना! ती म्हणाली, हो, आहेस.

१४ मार्च

उरलेल्या टेस्ट: सीटी स्कॅन, हृदय, आणि दातांची तपासणी. डोनरच्या तोंडात कुठे पू वगैरे नको म्हणून. दातांची! मी मोठ्याने हसलो. कोणाच्या दातांची तपासणी करताय?

एक अडचण मात्र आहे. ऑपरेशननंतर काही आठवडे मला गर्दीत जाता येणार नाही. म्हणजे पहिला शो हुकला. मी बायकोला नुसतं सांगितलं, बाकी काही सुचवलं नाही. ती बर्फाचा खडा चघळत होती. तिला पाणी मोजून मिळतं, तहान लागली की ती बर्फ चघळते. म्हणाली, आधी तुझा पिक्चर होऊ दे.

ती स्वतःहून म्हणाली, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

२ एप्रिल

सगळे सुळे तयार. आयुष्यातलं सर्वोत्तम काम. मुळाशी किंचित पिवळसर छटा दिली आहे, तीनशे वर्षांचे दात पांढरेफेक कसे असतील? पॉलिशवाली म्हणाली, एवढी मेहनत गिऱ्हाइकांच्या कवळ्यांवर घेतली असती तर आपण शाखा काढली असती. मत्सर, दुसरं काय!

माझे स्वतःचे बसवून पाहिले. दात चिकटवायच्या कच्च्या सिमेंटने ‘स’ म्हणताना निखळतात. मग पक्कं सिमेंट लावलं. ब्रिजसाठीचं. फक्त टेस्टिंगसाठी.

३ एप्रिल

निघत नाहीत.

मालक म्हणाले, डेंटिस्टकडे जा. दात बनवता येतात म्हणजे तोंडात बसवता येतात असं नाही, वगैरे. मी म्हणालो, बारा तारखेपर्यंत राहू देत, नाहीतरी लावायचेच होते.

घरी बायको दार उघडून बघतच राहिली. मी कोटाची कॉलर वर करून उभा होतो. तिला हसू आवरेना. खुर्चीचा आधार घेऊन हसत होती. कित्येक महिन्यांत अशी हसली नव्हती. मग तिला धाप लागली आणि तिला झोपवावं लागलं. तरी मधूनमधून खुदखुदत होती. मला फार बरं वाटलं.

९ एप्रिल

डावीकडची हिरडी जरा सुजली आहे. सूपवर आहे.

आज हॉस्पिटलात दातांची तपासणी होती. असल्या तोंडाने कुठे जाणार? कामाचं कारण सांगून पुढे ढकलली. बायकोला सांगितलेलं नाही. तिला टेन्शन कशाला?

१२ एप्रिल, दुपारी

बायको सोबत आली. डायलिसिसचा दिवस नव्हता. थिएटरबाहेर सगळं मंडळ सुळे दाखवत उभं. लोक मोबाइल काढून फोटो घेत होते. अध्यक्षाबाई तर ओळखूच येईनात.

पहिला अर्धा तास मी स्तब्ध. तळघर उत्तम. वटवाघळं ठीक. उमरावाचे सुळे मात्र भिकार, हिरडीपासून फटी दिसत होत्या. तरीही लायब्ररीतला प्रसंग आला आणि मी विरघळलो. काय सांगू! बायकोने रुमाल दिला.

मग एकोणिसावं प्रकरण.

ग्रंथपालबाई पलंगावर. उमराव चाकू घेतो. मनगटाकडे बघतो. आणि बघतच राहतो! घाम येतो त्याला. व्हॅम्पायरला घाम! मग चाकू खाली ठेवतो, तिच्या कपाळावरून हात फिरवतो आणि खिडकीतून निघून जातो. संपलं. ती बाई सकाळी कशीबशी उठते, पाणी पिते, खिडकी लावते. पाट्या सुरू.

तीस पानांची राखरांगोळी! मी उभा राहून ओरडलो. सुळे आणि सूज यांमुळे कोणाला एक शब्द कळला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, काका, बसा खाली.

१२ एप्रिल, संध्याकाळी

बायकोला पिक्चर आवडला!

मी म्हणालो, अगं, शेवट? ती म्हणाली, शेवटच आवडला. तो घाबरला, ते खरं वाटलं. मी म्हणालो, पण मग त्याच्या प्रेमाला काय अर्थ राहिला? ती म्हणाली, प्रेम आहे म्हणून तर इतका वेळ चाकू हातात धरून उभा होता. नसतं तर आलाच नसता.

मी म्हणालो, पण ती मरायला टेकली होती. ती म्हणाली, त्याने खिडकीतून जायला नको होतं. दारातून गेला असता, सांगून गेला असता, तर तिलाही बरं वाटलं असतं.

चित्रपटाची भाषा कळायला वेगळी नजर लागते. तिचा दोष नाही.

१३ एप्रिल

ग्रुपवर आणि बाहेरही परीक्षण टाकलं. शीर्षक: उमराव कधीच कचरला नसता. शेवटचं वाक्य: ‘ज्याला वेळ येताच हात मागे घ्यावासा वाटतो, त्याने प्रेमाचं नाव काढू नये.’ प्रचंड प्रतिसाद. अनोळखी लोकांनी पुढे पाठवलं. एका बाईंनी लिहिलं, असा नवरा सगळ्यांना मिळो.

अंगात कणकण. जबडा ठणकतोय.

१५ एप्रिल

गळू. डेंटिस्टने सुळे कापून काढले, त्याखालच्या माझ्या एका दातासकट. पू निघाला. मी टेबलावर दोनदा बेशुद्ध पडलो असं तो म्हणतो, मला एकदाच आठवतंय.

किडनीवाल्या डॉक्टरांना कळवावं लागलं. त्यांनी विचारलं, सुळे? मग म्हणाले, इन्फेक्शन पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या टेस्ट नाहीत. जूनमध्ये या. सुळे? असं त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.

दुपारी झोपलो ते थेट सकाळी उठलो. फेब्रुवारीपासून इतकी गाढ झोप लागली नव्हती. अँटिबायोटिकने ग्लानी येते.

१६ एप्रिल

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत. भाजी वाढतात, पण बोलत नाहीत. बायको त्यांना म्हणाली, आई, मुद्दाम केलं नाही त्याने. सासूबाई म्हणाल्या, ते त्याच्या देवालाच ठाऊक.

मुद्दाम! मी! जो माणूस सगळ्या मंडळासमोर बोलला तो?

२३ मे

बरेच दिवस लिहिलं नाही. कामात होतो. पिक्चरच्या निषेधाची मोहीम जोरात. दुसऱ्या भागात एकोणिसावं प्रकरण मूळ रूपात घ्या, अशी मागणी. सह्या गोळा करतोय. जिवाचं रान करतोय.

बायको हॉस्पिटलात आहे. हाताची नस बंद पडली. आता मानेतून नळी घातली आहे, त्यातून डायलिसिस. तात्पुरतं आहे म्हणतात. मी दारातून पाहिलं. पांढरी पट्टी आणि तिच्याखाली दोन तोंडं, एक लाल, एक निळं. कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. टाइल्स गार असतात तिथल्या.

सासूबाई बाहेर आल्या, आता बोलायला लागल्या आहेत, बोलावंच लागतं त्यांना. म्हणाल्या, अजून काय काय राहिलंय? मी म्हणालो, निम्म्या झाल्या, उरलेल्या सह्या पुढच्या आठवड्यात. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. टेस्टचं विचारत होत्या.

४ जून

सीटी, हृदय, दात, सगळं आटोपलं! एका दमात. मेव्हण्याने दोन दिवस सुट्टी काढली आणि मला दंडाला धरून प्रत्येक खोलीत नेलं. त्याची काही गरज नव्हती. मी जातच होतो.

उद्या शेवटची मुलाखत. नुसत्या गप्पा असतात म्हणे.

५ जून

मुलाखत झाली. एक वेगळ्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांचं काम फक्त देणाऱ्याशी बोलणं, घेणाऱ्याशी त्यांचा संबंध नसतो. छोटी खोली, दोन खुर्च्या, पाण्याचा जग. दार लावून घेतलं.

म्हणाल्या, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. तुम्हाला द्यायची नसेल तर आत्ता सांगा. घरच्यांना आम्ही एवढंच कळवतो की वैद्यकीय कारणामुळे तुमची किडनी घेता येत नाही. कुठलं कारण ते कधीच सांगत नाही. कोणी विचारलं तरी नाही.

मी हसलो. म्हटलं, बाई, तुम्ही चुकीच्या माणसाला सांगताय.

त्या बरं म्हणाल्या. आणि मग तेच सगळं परत सांगितलं. हळूहळू, एकेक शब्द. मी त्यांना पिक्चरबद्दल सांगितलं. उमरावाबद्दल, चाकूबद्दल, सह्यांबद्दल. त्या ऐकत होत्या. बराच वेळ बोललो असणार, कारण जग रिकामा झाला.

मग मी निव्वळ माहिती म्हणून विचारलं, हे कुठे नोंदवलं जातं का? नाही म्हणाल्या. बायकोला कळतं का? आमच्याकडून नाही. मी विचारलं, असंही होत असेल ना, की एखादा माणूस खरोखरच अनफिट असतो आणि टेस्टमध्ये दिसत नाही? त्यांनी विचारलं, तुम्हाला तसं वाटतंय का? मी म्हणालो, ते मी कसं ठरवणार, ते वैद्यकीय लोकांनी ठरवायचं.

त्या म्हणाल्या, मग मी तसं कळवू?

मी म्हणालो, तुम्ही डॉक्टर आहात.

बाहेर आलो तर शर्ट पाठीला चिकटला होता. खोलीत पंखा नव्हता.

७ जून

निकाल आला. मी अनफिट. वैद्यकीय कारण.

सुन्न झालो आहे. चार महिने मनाची तयारी केली, दात गमावला, आणि शेवटी शरीराने दगा दिला. विज्ञानापुढे कोणाचं काय चालणार?

सासूबाई होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. काय कारण, काय कारण, एवढंच विचारत होत्या. मी म्हणालो, वैद्यकीय. मेव्हणा म्हणाला, मी स्वतः सगळे रिपोर्ट आणलेत, त्यात तर काही नव्हतं. मी म्हणालो, तू टायरच्या दुकानात बसतोस, तुला काय कळतं त्यातलं? तो उठून निघून गेला.

बायको आता घरी आली आहे, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. म्हणाली, असू दे. जेवून घे.

आता तिचं नाव वेटिंग लिस्टवर. नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही.

१० जून

मंडळाला कळवलं. रडणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस. अध्यक्षाबाई म्हणाल्या, देता आली नाही तरी द्यायची हिंमत होती, तेच मोठं. रविवारी माझा सत्कार ठरला आहे. मी नको नको म्हणालो. ऐकत नाहीत.

नव्या शर्टाला इस्त्री करायची आहे.

१७ जून

आजचा दिवस लिहावा की नाही, कळत नाही.

बायकोही आली. मानेभोवती स्कार्फ गुंडाळून. मी येऊ नकोस म्हणालो होतो, ती म्हणाली, यायचंय. मला फ्रेम केलेलं मानपत्र दिलं. त्यावर काळा कोट घातलेलं माझं चित्र. मग अध्यक्षाबाईंनी बायकोला आग्रह केला, दोन शब्द बोला. ती उभी राहिली. म्हणाली, दोन वर्षं हे मला प्रत्येक वेळी दारापर्यंत सोडायला आले. एकदाही चुकले नाहीत. मला त्याची किंमत आहे. एवढंच बोलून बसली. लोक ढसाढसा रडले. मीही.

परतीच्या बसस्टॉपवर गर्दी नव्हती. मानपत्र मांडीवर घेऊन बसलो होतो. मी म्हणालो, काय दुर्दैव बघ, सगळं जुळलं आणि ऐन वेळी मी अनफिट. ती म्हणाली, आता पुरे.

मग जे बोलली ते जसं आठवतंय तसं लिहितो. म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू डॉक्टरांना हो म्हणालास तेव्हाच तुझे ओठ पांढरे पडले होते. देणाऱ्याला गुपचूप नाही म्हणायची सोय असते हे मला आधीच कळलं होतं, डायलिसिसला माझ्या शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या बहिणीने घेतली होती. म्हणून मीच त्या डॉक्टरबाईंना गाठलं. म्हटलं, माझा नवरा येईल, त्याला नीट समजावून सांगा. दोनदा सांगा. त्याला एकदा सांगून कळत नाही.

मी विचारलं, मग सगळ्यांसमोर तसं का बोललीस? ती म्हणाली, चारचौघांत तुला खाली मान घालायला लावून मला काय मिळणार होतं?

मी विचारलं, राग आलाय का? ती म्हणाली, आलाय. खूप आलाय. वाटलं होतं तू स्वतः येऊन सांगशील की मला भीती वाटते. फेब्रुवारीत सांगितलं असतंस तरी चाललं असतं. भीतीला मी कधी हसले असते का? आपण दोघांनी मिळून काहीतरी बघितलं असतं, दुसरीकडे शोधलं असतं. तू माझे चार महिने घेतलेस.

मग बस आली. तिने मला मानपत्र आधी चढवायला सांगितलं, काच फुटेल म्हणून.

१८ जून, सकाळी

ती डायलिसिसला सासूबाईंबरोबर गेली. मी बूट घालत होतो, ती म्हणाली, तू राहू दे, आई आहे. रागाने नाही, नेहमीच्याच आवाजात.

लॅबला गेलो नाही.

१८ जून, दुपारी

निश्चय झाला. आता मात्र तळ्यात-मळ्यात नाही. मला भीती वाटते, ठीक आहे, वाटते. सुईची वाटते, नळीची वाटते, आत गेलो आणि उठलोच नाही तर, याची वाटते. पण ती मेली तर मी या घरात काय करणार आहे? त्या डॉक्टरबाई निघताना म्हणाल्या होत्या, मत बदललं तर कधीही फोन करा, परत बोलू. आज करणार. ती घरी यायच्या आत. आल्यावर तिला सांगणार, मी फोन केला. स्वतः केला. तेवढं एक वाक्य मला तिला सांगायचंय.

१८ जून, पुन्हा

फोन केला.

त्याच बाई होत्या. आवाज लगेच ओळखला. बोला म्हणाल्या. मी माझं नाव सांगितलं. त्यांना आठवलं. म्हणाल्या, हं, बोला ना, मी ऐकतेय. घाई नाही.

मी विचारलं, तुमच्याकडचं पार्किंग किती वाजेपर्यंत उघडं असतं?

त्या म्हणाल्या, आठपर्यंत. आणखी काही विचारायचं होतं का? मी म्हणालो, नाही, एवढंच, थँक्यू.

आमच्याकडे गाडी नाही.